शेजारच्या विहिरीला लाल पाणी

मे महिना, कोथरूड. जुना बंगला पाडून दोन बेसमेंटची बिल्डिंग होणार होती, आमच्याकडे सॉइल टेस्टिंगचं काम, चार बोअर. क्लायंटचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, मॅडम रिपोर्टमधे 'पाणी लागलं नाही' असं आलं पाहिजे हं. भर मेमधे बोअर घ्यायला लावलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तीन बोअर सरळ झाले. वर भराव, मग काळी माती, खाली मुरूम. एसपीटीचा (ठोके मोजून जमीन किती घट्ट ते बघायची टेस्ट) 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून आपटत होता, 50 ठोके झाले तरी रॉड हलेना, मग कोअरिंग, म्हणजे पोकळ बिटने दगड कापत त्याचा दंडगोल (कोअर) वर काढायचा. चौथ्याला 9 मीटरवर लाल थर लागला. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत ना, त्यांच्यामधे कधीकधी असा गेरूसारखा पट्टा सापडतो, रेड बोल म्हणतात. तो पार करून अर्धा मीटर गेलो नसू तोच आमचा ड्रिलर ओरडला, "मॅडम, पाणी गेलं!" म्हणजे बिट थंड ठेवायला जे पाणी आत सोडतो ते वर यायचंच बंद, टँकर संपत आला तरी थेंब नाही. कोअर काढला तर दगड पक्का पण तुकडे तुकडे, आणि फटींना गंजासारखा तपकिरी रंग चढलेला. पाणी खेळल्याशिवाय तो चढत नाही, मला धडकीच भरली.

तासाभरात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका बनियनवरच हजर, हातात बादली. "अगं ए, काय केलंत तुम्ही लोकांनी? बघ हे!" बादलीत लालभडक पाणी! त्यांची विहीर आमच्यापासून 20-25 मीटरवर, आमचं केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालतो तो पाइप) मुरमापर्यंतच, त्यामुळे लाल थर धुऊन ते पाणी फटीतून थेट तिकडे. फट कुठे जाते ते शोधायला लोक मुद्दाम रंग सोडतात, आमचं ते फुकटात झालं (शिव्या वेगळ्या).

काम थांबवलं, माफी मागितली, सोसायटीला टँकर दिला. मग बोअरमधलं आम्हीच सोडलेलं पाणी उपसून 24 तास थांबलो, हे न करता लेव्हल लिहिणारेही आहेत, असो. चौथ्यात पाणी 6.8 मीटरवर, विहिरीत जवळजवळ तेवढंच, आणि बाकीचे तिन्ही कोरडे कारण त्यांना ती फट लागलीच नाही. क्लायंट खूश, "तीन कोरडे आहेत ना, तेच लिहा की!"

खरी माहिती काकांनी दिली. विहिरीत उतरायला लोखंडी पायऱ्या आहेत, "पावसाळ्यात वरून चौथ्या पायरीपर्यंत येतं गं पाणी." म्हणजे जेमतेम दीड मीटर खाली! भरलेल्या पाण्याच्या प्रत्येक मीटरमागे बेसमेंटच्या तळाला चौरस मीटरला टनभर दाब खालून वर, आणि हे म्हणणार पाणी नाही. मी चारही बोअर तारखेसकट लिहिले, पायऱ्यांचं पण लिहिलं, चौथ्यात पाइप ठेवून सप्टेंबरमधे परत मोजा म्हटलं. क्लायंटने आठवडाभर फोन उचलला नाही.

विहिरीचं पाणी चौथ्या दिवशी निवळलं. सप्टेंबरमधे काकांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, पाणी तिसऱ्या पायरीला.