शरभाचा ठोकळा, खेप तिसरी

शिवनेरीच्या दरवाजावरच्या शरभाचे (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) फोटो काढून आणले तेव्हा वाटलं होतं, दोन रविवारांत छापण्यासाठी लिनो (लिनोलियमचा ठोकळा) कोरून होईल. दोन ठोकळे वाया गेलेत.

पहिल्यात चूक माझ्या शहाणपणाची. हत्ती पंज्यात धरलेले शरभ आपल्या बऱ्याच गडांवर आहेत. मी हत्तींचं माप 'बरोबर' केलं, म्हणजे खरोखरच्या हत्तीएवढं. प्रूफ (चाचणीचा ठसा) काढलं, तर शरभ बिचारा हत्तींखाली चेंगरलेला! आई म्हणाली, "हे कुत्रं हत्तीला का चावतंय रे?"

मग १२०० च्या आसपासच्या युरोपीय प्राणिग्रंथांतली चित्रं बघत बसलो. त्या ग्रंथांत लिहिलंय की हत्तीच्या गुडघ्यांना सांधेच नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो. चितारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता; काहींची सोंड तर थेट तुतारी वाटते. आपल्या पाथरवटांना मात्र हत्ती चांगला ठाऊक होता. तरीही त्यांनी तो मांजराच्या पिल्लाएवढा केला, कारण दाखवायची होती ती शरभाची ताकद. हे लक्षात यायला मला एक ठोकळा खर्ची घालावा लागला.

दुसरा ठोकळा पावसाने घालवला. थंड लिनो कडक होतो, उन्हात ठेवायची सोय नाही. आयाळ कोरताना व्ही-गॉज (व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार) सटकला आणि शेपटीतला हत्ती अर्धा उडाला. आता इस्त्रीने कोमट करून मगच कोरतो. डाव्या हाताची बोटं गॉजच्या पुढे ठेवू नका, हे लिहायला नको, पण लिहितो.

तिसरा जमला. हत्ती अंगठ्याएवढे, पोटावर नुसत्या तीन रेघा. दरवाजावर समोरासमोर दोन शरभ हवे होते, आणि दुसरा कोरायची ताकद नव्हती. म्हणून पहिला ठसा ओला असतानाच त्यावर कोरा कागद ठेवून चमच्याने घासला. उलटा शरभ उतरला, पण फिकट, झिजलेल्या दगडासारखा. तो तसाच ठेवलाय. तेलाची शाई या हवेत वाळायला चार दिवस घेतेय, तोवर गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल आणि शरभ शेजारी-शेजारी.

पुढचा ठोकळा पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरचा, साखळदंड घातलेला गेंडा. देऊळ अठराव्या शतकातलं, त्यामुळे मध्ययुगातलंच कोरायचं या नियमात बसत नाही. पण चालत जाऊन स्केच करता येतं, फोटोवर भागवावं लागत नाही.