वानर फसला की हरला?

संध्याकाळपर्यंत सातवं आणि आठवं प्रकरण छपाईला सोडायचं होतं, आणि सकाळीच एका क्रियापदावर काम अडलं. 'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीच्या मराठी अनुवादाचं संपादन चालू होतं. शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ. आज हाती असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १५९२ची. सातव्या प्रकरणात वानरराज सुन वुकोंग तथागत बुद्धाशी पैज लावतो आणि हरतो. अनुवादात प्रकरणाचं शीर्षक आलं होतं, 'तथागतांनी वानराला फसवलं'. मुद्रितशोधकाने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "फसवलं? कुठे?"

शंका रास्त होती. हा वानर साधासुधा नाही. तिसऱ्या प्रकरणात त्याला झोपेत यमलोकात नेतात तेव्हा तो तिथल्या वहीत स्वतःची नोंद शोधतो. आयुष्य ३४२ वर्षं, असं तिथे लिहिलेलं असतं. तो शाईत कुंचला बुडवून ती नोंद खोडतो आणि जमातीतल्या सापडतील तेवढ्या माकडांचीही नावं खोडून टाकतो. अमरत्वाची फळं आणि गोळ्या चोरून खातो. त्याला अष्टकोनी भट्टीत ४९ दिवस ठेवतात, तर तिथूनही तो जिवंत बाहेर पडतो. सगळ्या स्वर्गाच्या हातावर तुरी देणारा हा प्राणी तळहातावर कसा अडकला, हाच त्या प्रकरणाचा जीव आहे. तिथे 'फसवलं' म्हणायचं की 'हरवलं', यावर वाचक पुढची ९३ प्रकरणं बुद्धाकडे कोणत्या नजरेने बघणार ते ठरतं.

अशा वेळी उपयोगी पडणारी रीत म्हणजे पैजेच्या अटी कथेतून सोडवून वेगळ्या कागदावर उतरवायच्या. मूळ चिनी मजकूर शेजारी घेऊन तेच केलं. तथागत म्हणतात, एका कोलांटीत माझ्या उजव्या तळहाताबाहेर गेलास तर तू जिंकलास. लढाई बंद, स्वर्गाच्या राजाला, जेड सम्राटाला, पश्चिमेला राहायला बोलवू आणि स्वर्गाचा महाल तुला देऊ. जमलं नाही तर खाली जा, राक्षस होऊन राहा, आणखी काही कल्प साधना कर, मग भांडायला ये. यावर वानर एकच प्रश्न विचारतो, "हे ठरवायचा अधिकार तुला आहे ना?" उत्तर येतं, "आहे, आहे." झाली पैज पक्की.

त्याने काय विचारलं ते बघा. बक्षीस खरंच मिळेल का, एवढंच. तळहात म्हणजे नेमकं काय, तो आहे तेवढाच राहणार का, बाहेर पडलो हे कोण ठरवणार, यातलं काही नाही. कारण त्याच्या मनात आधीच हिशेब झालेला असतो आणि लेखक तो आपल्याला ऐकवतो: हा तथागत अगदीच खुळा दिसतो, माझी एक कोलांटी १,०८,००० ली जाते आणि याचा पंजा जेमतेम फूटभरही नाही. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. म्हणजे एका उडीत पन्नास हजार किलोमीटरांहून जास्त, पृथ्वीच्या घेरापेक्षाही अधिक. समोरचा वेडा आहे असं समजून, त्याच्या वेडाचा फायदा घ्यायला तो पैज स्वीकारतो. फसवायचा विचार त्या क्षणी असलाच तर वानराच्या मनात आहे.

आणि त्याची चूक भाबडेपणाची नाही, म्हणून ती मला जास्त मोलाची वाटते. याच वानराच्या कानात सुईएवढी होऊन बसणारी लोखंडी काठी आहे. तिचं वजन १३,५०० चिन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे आठ टन. त्याला ७२ रूपं घेता येतात. दिसणारा आकार खरा नसतो हे त्या स्वर्गात त्याच्याइतकं कोणाला माहीत? तोच समोरच्या पंजाला फूटपट्टी लावतो. स्वतःला येणारी विद्या दुसऱ्यालाही येत असेल, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

इथवर 'हरला' बाजू भक्कम होती. पण मग अनुवादातली खांबांची ओळ वाचली आणि मुद्रितशोधकाला पडलेल्या शंकेचं मूळ सापडलं. वानर भिंगरीसारखा गरगरत जातो आणि शेवटी त्याला पाच खांब दिसतात. अनुवादात होतं, "पाच तांबडे खांब". मूळ शब्द आहे मांसासारखा लाल, म्हणजे कातडीखालून रक्त दिसावं तसा रंग. त्या खांबांनी एक निळसर-हिरवी हवा तोलून धरलेली आहे. लेखकाने उत्तर उघड्यावर ठेवलंय. 'तांबडे' म्हटलं की ते देवळाचे रंगवलेले खांब होतात, पुढे तीच बोटं निघाली की वाचकाला वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवलं होतं. मग वानरही फसवला गेला असंच वाटणार.

दुसरी गडबड क्रमाची. वानर अंगावरचा एक केस उपटतो, फुंकर मारतो, त्याचा शाईने भिजलेला कुंचला होतो. मधल्या खांबावर तो स्वतःच्या पदवीनिशी आठ अक्षरं लिहितो: स्वर्गाच्या बरोबरीचा महाऋषी इथे येऊन गेला. मग पहिल्या खांबाच्या बुंध्याशी लघवी करतो. परत आल्यावर तथागत त्याला खाली बघायला सांगतात. अक्षरं उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आहेत, आणि अंगठ्याच्या बेचक्यात अजून माकडाच्या मुताचा वास येतोय. मधला खांब म्हणजे मधलं बोट, पहिला खांब म्हणजे अंगठा. अनुवादात लघवी 'शेवटच्या खांबाशी' झाली होती. शेवटचा खांब म्हणजे करंगळी. वास मात्र अंगठ्याला. एवढ्याने पुरावा मोडतो. शाई दिसते आणि वास येतो, दोन इंद्रियं एकच साक्ष देतात, अशी ती मांडणी आहे. यमाच्या वहीत कुंचल्याने स्वतःची सुटका करून घेणारा वानर इथे तसाच कुंचला घेऊन स्वतःच्याच विरुद्ध दस्तऐवज लिहितो, तोही सुवाच्य अक्षरात. तथागतांना काही सिद्ध करावंच लागत नाही.

अनुवादिकेला फोन लावला. त्या वयाने आणि अनुभवाने मोठ्या, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. खांबांचा रंग आणि क्रम त्यांनी लगेच मान्य केला. शीर्षकावर मात्र अडून बसल्या.

"अहो, पण तो वानर स्वतः म्हणतो ना, मला फसवलं म्हणून! आठवं प्रकरण बघा."

बघितलं. ताई बरोबर होत्या. पैज हरल्यावर वानर ज्याच्याखाली गाडला गेला त्या डोंगरापाशी बोधिसत्त्व कुआनयिन पूर्वेकडे जाताना थांबते, तेव्हा वानर सांगतो, तथागतांनी मला 'हों' केलं आणि पाचशेहून अधिक वर्षं या डोंगराखाली दाबून ठेवलंय. 'हों' म्हणजे लहान मुलाला खाऊ दाखवून भुलवतात तसं भुलवणं. कारस्थानापेक्षा हलका शब्द, पण तक्रार आहेच. दोन वाक्यांनंतर तोच वानर म्हणतो, मला पश्चात्ताप झालाय.

ती तक्रार नुसती हरलेल्याची रड म्हणून सोडता येईना, कारण अटींचा कागद अजून टेबलावर होता. हरल्यास काय? खाली जाऊन राक्षस होणं आणि साधना. डोंगराखाली पाचशे वर्षं गाडलं जाणं त्यात कुठेच नाही. वानर निकाल मानत नाही, पुन्हा उडी मारून खात्री करायला निघतो, तोच तथागत पंजा उलटा करतात. पाच बोटांचे धातू, लाकूड, पाणी, अग्नी आणि माती असे पाच जोडडोंगर होतात. नंतर तो डोकं बाहेर काढतो, तर 'ॐ मणिपद्मे हूं'ची सोनेरी अक्षरांची पट्टी शिखरावर चिकटवली जाते. भूक लागली तर लोखंडी गोळ्या, तहान लागली तर वितळलेलं तांबं. पैजेत त्याच्यावर अन्याय झाला नाही. शिक्षेत पैजेबाहेरचं बरंच काही आलं. वानर या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबतो, आणि एवढी वर्षं डोंगराखाली काढलेल्याने तसं म्हणणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

वामन-बळीची आठवण ताईंनीच काढली. तिथे देव आपला आकार लपवून येतो, शुक्राचार्य सावध करतात, तरी बळी दिलेल्या शब्दाला जागतो. इथे कोणी बटू झालेला नाही. हात हातच आहे, आणि वानराला सावध करणारं शेजारी कोणी नाही.

शेवटी मूळ शीर्षक काढलं. सात-सात अक्षरांच्या दोन ओळी: अष्टकोनी भट्टीतून महाऋषी निसटतो, पंचतत्त्वांच्या डोंगराखाली मनाचं माकड स्थिर होतं. त्यात फसवणं नाही, हरवणंही नाही. जे क्रियापद आहे ते 'स्थिर करणं', ध्यानात मन बसवण्यासाठी वापरतात ते.

"मग माझा शब्द गेलाच म्हणायचा," ताई म्हणाल्या.

"जात नाही, जागा बदलतोय. निवेदकाच्या तोंडून काढू, वानराच्या तोंडी ठेवू."

सातव्याच्या शीर्षकात मूळच्या दोन ओळी गेल्या. निवेदनातली 'फसवलं'ची तीन रूपं काढली. दोन ठिकाणी 'हरला' आलं, एका ठिकाणी वाक्यच लागत नव्हतं. आठव्यात वानराचं वाक्य झालं, "तथागतांनी मला भुलवलं हो." खांब 'मांसल लाल' झाले आणि लघवी पहिल्या खांबाशी परत आली. मुद्रितशोधकाने ती पानं पुन्हा वाचली, अंगठ्याच्या बेचक्यापाशी पेन्सिल थांबवली, स्वतःचा उजवा पंजा उघडून अंगठ्यापासून बोटं मोजली आणि समासातली शंका खोडली.