प्रतिकारशक्ती चांगली असताना कर्करोग झालाच कसा?

कर्करोगाच्या पेशी आणि टी पेशी, म्हणजे प्रतिकार यंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, यांच्यातील झगड्यावर मी प्रयोगशाळेत काम करते, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ‘त्यांना तर कधी साधी सर्दीसुद्धा होत नसे, प्रतिकारशक्ती इतकी चांगली असताना कर्करोग झालाच कसा?’ या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे आपल्याकडून प्रकृतीची हेळसांड झाली का. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्दीचा विषाणू शरीराला सर्वस्वी परका असतो. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच एखाद्या पेशीची वंशज असते, आणि तिची बहुतेक प्रथिने शेजारच्या निरोगी पेशींसारखीच असतात. टी पेशीला दुसऱ्या पेशीच्या आत डोकावता येत नाही. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी नावाच्या रेणूंवर बसवून पृष्ठभागावर मांडते, आणि टी पेशी तेवढेच तपासते. जनुकात उत्परिवर्तन (कायमचा बदल) झाले असेल, तर अशा एखाद्या तुकड्यात कित्येकदा एकच अमिनो आम्ल वेगळे असते. तेवढ्यावरून आपले कोण आणि परके कोण हे ठरवायचे असते, त्यामुळे सर्दी न होणारा माणूस या परीक्षेतही उत्तीर्ण होईलच असे धरून चालता येत नाही, आणि त्यात त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही दोषही नसतो.

तरीही टी पेशी ही परीक्षा अनेकदा उत्तीर्ण होतात. प्रतिकारशास्त्रज्ञ रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला याबाबत फार महत्त्वाचा वाटतो. टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी नसलेल्या उंदरांमध्ये वाढलेल्या गाठी त्यांनी निरोगी उंदरांमध्ये रोवल्या, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच गाठी नाहीशा झाल्या. निरोगी उंदरांमध्येच वाढलेल्या गाठी मात्र दुसऱ्या निरोगी उंदरांमध्ये सुखाने वाढल्या. याचा अर्थ असा, की सहज ओळखू येणाऱ्या पेशी प्रतिकार यंत्रणेने आधीच टिपलेल्या असतात आणि डॉक्टरांना जी गाठ दिसते, ती या निवडीतून तावून सुलाखून निघालेली असते. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागणाऱ्यांमध्ये काही कर्करोगांचे प्रमाण वाढते, त्यामागे हेही एक कारण असते.

मग ती गाठ टिकते कशी? काही पेशींमध्ये एमएचसीची जनुकेच मिटवून ठेवलेली असतात. तुकडे मांडलेच नाहीत तर तपासणार काय? पण ज्या युक्तीने मला स्वतःला या विषयात बांधून ठेवले, ती आम्ही प्रयोगशाळेत वारंवार पाहतो. मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, पेशी दोन बशांमध्ये वाढवायच्या. त्यांपैकी एकीत इंटरफेरॉन गॅमा घालायचे. चवताळलेली टी पेशी सोडते तेच हे प्रथिन. दुसऱ्या दिवशी दोन्ही बशांतील पेशींना चमकणारा रंग जोडलेली, ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे लावून त्या फ्लो सायटोमीटर या चमक मोजणाऱ्या यंत्रातून एकेक करून सोडायच्या. पडद्यावरील आलेखात एमएचसीचा उंचवटा उजवीकडे, म्हणजे अधिक चमकेकडे, सरकलेला दिसतो, म्हणजे पेशी आता अधिक तुकडे मांडू लागली आहे, आणि हे टी पेशीच्या फायद्याचेच आहे. त्याच वेळी पीडी-एल१ या दुसऱ्या प्रथिनाचा उंचवटाही उजवीकडे सरकतो, आणि हे प्रथिन टी पेशीवरील पीडी-१ या रेणूला चिकटून तिचे काम थांबवते. एका रात्रीत घडलेल्या या बदलासाठी डीएनएमधील एकही अक्षर बदलावे लागत नाही. इंटरफेरॉनचा निरोप स्टॅट१ नावाचे प्रथिन केंद्रकात पोहोचवते, त्यामुळे आयआरएफ१ हे प्रथिन तयार होते, आणि ते पीडी-एल१ च्या जनुकाशेजारी बसून ते जनुक जागे करते. टी पेशीने घाव घातला, की त्या घावामुळेच ढाल वर येते.

ही ढाल कर्करोगाने शोधून काढलेली नाही. संसर्गाशी लढताना आपल्याच ऊतींची नासधूस होऊ नये म्हणून निरोगी पेशीही तीच वापरतात. जपानी शास्त्रज्ञ तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ चे जनुक शोधले. पुढे ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांना वय वाढल्यावर स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणारे आजार झाले. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. गाठीपाशी पोहोचलेल्या टी पेशींमध्ये जोर नसतो असे नाही, त्यांना रोखून धरलेले असते. सीटीएलए-४ या दुसऱ्या रोधक रेणूवर काम करणारे जेम्स अॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ते हा रोध काढता येतो हे दाखवल्याबद्दल. तो काढल्यावर काही रुग्णांमध्ये आतड्याला किंवा थायरॉइडला सूज येते, आणि तो कशासाठी होता हे तेव्हा कळते.

हल्ली अनेक रुग्णांच्या तपासणी अहवालात पीडी-एल१ ची टक्केवारी दिलेली असते, आणि तो कागद पुढे करून ‘हा आकडा चांगला की वाईट?’ असे मला विचारले जाते. फुप्फुसाच्या एका सर्वसाधारण प्रकारच्या कर्करोगात तो ५० टक्के किंवा त्याहून अधिक असला, तर डॉक्टर केमोथेरपीशिवाय केवळ पीडी-१ रोखणाऱ्या औषधाचा विचार करू शकतात. त्यामुळे त्याला महत्त्व आहेच. पण बशीतल्या पेशींनी एका रात्रीत जे केले, ते लक्षात ठेवून तो आकडा वाचावा: गाठीच्या एका लहानशा तुकड्यात, तो कापला त्या वेळी, हे जनुक किती पेशींमध्ये जागे होते, एवढेच तो सांगतो. गाठीच्या दुसऱ्या भागात तो वेगळा निघू शकतो, कमी आकड्याच्या काही रुग्णांनाही औषध लागू पडते आणि मोठा आकडा असूनही काहींना पडत नाही. उपचारांचा निर्णय घेताना डॉक्टर त्यासोबत गाठीतील उत्परिवर्तने, आजाराची पायरी आणि रुग्णाची प्रकृती हेही पाहतात, आणि त्याविषयी त्यांना मोकळेपणाने विचारावे.