कवडीपाटची सकाळ: प्लास्टिक उचला, गवत राहू द्या

पक्षी सप्ताहातल्या रविवारी आम्ही अकरा जण पुण्याजवळ, मुळामुठा नदीकाठच्या कवडीपाटला गेलो. ५ नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबरला पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा. २०२० पासून राज्यात हा आठवडा पक्ष्यांच्या नावाने पाळतात. एरवी आम्ही दुर्बिणी आणि डबे घेऊन जातो. यंदा पोती, विळे आणि लांब काठीची आकडीही घेतली होती, कारण मागच्या हिवाळ्यात तिथे पाहिलेला एक वंचक, म्हणजे छोटा बगळा, काही केल्या डोक्यातून जात नव्हता.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीत तो लटकला होता. पायाला नायलॉनचा दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक फांदीत. पंख मारायचा, थकायचा, पुन्हा मारायचा. आम्ही १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन लावला आणि सांगितलं तसं टॉवेल टाकून, डोकं झाकून त्याला खाली घेतलं. बगळ्याच्या जातीचा पक्षी हाताळताना चोच आपल्या चेहऱ्यापासून लांब ठेवा, तो थेट डोळ्यांवर वार करतो. खोक्यात ठेवताना पाहिलं, तर दोऱ्याच्या खालची बोटं काळी पडून वाळली होती. तो दोरा त्या दिवशीचा नव्हता. कित्येक दिवस तो पक्षी तसाच वावरत होता.

जायचं कसं? हडपसरवरून सोलापूर रस्त्याला लागा. कवडीपाटचा जुना टोलनाका आला की डावीकडे नदीच्या दिशेने वळा. पुण्यातून अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पावणेसहाला निघालात तर उजाडताना काठावर असाल. नऊनंतर गेलात तर पक्षीही कमी दिसतात आणि वासही चढलेला असतो. वास येणारच, मुळामुठा शहराचं सांडपाणी घेऊनच इथे पोचते. बंधाऱ्याखाली पांढरा फेस दिसेल, मुलांना त्यात हात घालू देऊ नका. हातापायाला जखम असेल त्यांनी पाण्यात उतरूच नये. बाकीच्यांनी गमबूट आणि जाड रबरी हातमोजे घालावेत. पातळ हातमोजे काटेरी बाभळीपुढे दहा मिनिटंही टिकले नाहीत.

पहिला तास आम्ही फक्त पाहिलं, आणि तुम्हीही तसंच करा. कुठे काय बसलंय हे कळल्याशिवाय काठावर धिंगाणा घातला, तर ज्यांच्यासाठी आलो तेच उडून जातात. धुक्यातून चक्रवाकांचा आवाज आला, मग ती केशरी जोडी उथळ पाण्यात दिसली. हळदी-कुंकू बदकं होती. चोचीच्या मुळाशी लाल आणि टोकाला पिवळा ठिपका, नाव ठेवणाऱ्याने किती नीट पाहिलं असेल! धोबी शेपटी हलवत दगडांवरून फिरत होते. लांब लाल पायांचे शेकाटे मात्र शेकड्यांनी.

हे शेकाटे पाहून दरवेळी कुणीतरी म्हणतं, नदी सुधारली वाटतं. तसं नाही. सांडपाण्याच्या गाळात अळ्या आणि किडे भरपूर होतात आणि शेकाट्यांना तेच खायला लागतं. घाण पाण्यात ते आनंदाने राहतात. नदीची तब्येत पाहायची असेल तर वरून सूर मारून मासे धरणारे पक्षी मोजा: नदी सुरय, कवड्या खंड्या. त्यांना मासा हवा आणि तो दिसेल इतकं नितळ पाणी हवं. आम्हाला दोन तासांत कवड्या खंड्या एकच दिसला, सुरय एकही नाही. २०१६ मध्ये जपानी कर्जाच्या मदतीने पुण्यात सांडपाण्याच्या अकरा शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प मंजूर झाला. खरी आशा त्या पाण्यावर आहे, आमच्या पोत्यांवर नाही. पण पायात अडकणारा दोरा शुद्धीकरण केंद्र काढत नाही, तो हातानेच काढावा लागतो.

आठ वाजता कामाला लागलो. पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथवर झाडांना कपडा लोंबत होता. साड्या, पोती, निर्माल्याच्या पिशव्या, देवाच्या फोटोची चौकट. एका साडीचा पदर आम्ही तिघींनी ओढला तेव्हा आत माशाचं जाळं, मांजा आणि दुधाच्या पिशव्या यांचं वेणीसारखं घट्ट गुंडाळलेलं भेंडोळं निघालं. ओढू नका, कापा. ओढलं की फांदी मोडते आणि दोरा मात्र झाडातच राहतो.

पाणकणसांकडे, म्हणजे काठावरच्या उंच गवताकडे, वळून आमच्यातल्या एका उत्साही दादाने विळा चालवायला सुरुवात केली, तेव्हा काठावर जाळं आवरत बसलेले एक काका उठून आले.

"ओ, ते नका कापू. रातच्याला पाणकोंबड्या असत्यात त्यात."

"काका, साफच करतोय."

"घाण न्या की. गवत कुठं घाण हाय?"

त्या एका वाक्याने आमची सगळी सकाळ बदलली. आमच्या डोळ्यांपुढे बागेसारखा काठ होता. पक्ष्याला चिखलाचा उतार हवा, वाकलेली वाळकी फांदी हवी, दाट पाणकणसं हवीत. त्यानंतर आम्ही फक्त माणसाने टाकलेलं उचललं. जलपर्णीच्याही वाटेला गेलो नाही. ती सांडपाण्यावर पोसते, चार जणांनी ओढून संपत नाही, आणि त्या नादात माणूस खोल पाण्यात जातो.

ऋतूचंही भान ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. मार्चपासून टिटवी उघड्या गोट्यांतच अंडी घालते, आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत असेल तर आल्या पावली मागे फिरा.

सगळ्यात मोठी चूक आमच्याकडून मागे एकदा झाली होती. पोती काठावर रचून ठेवली, ठरलेली गाडी आलीच नाही, आणि पुढच्या आठवड्यात गेलो तर कुत्र्यांनी पोती फाडून अर्धा कचरा पुन्हा पाण्यात. म्हणून यंदा आधी ग्रामपंचायतीत जाऊन बोललो, टेम्पोचे पैसे वर्गणीतून काढले आणि कचरा टेम्पोत चढेपर्यंत कुणी हललं नाही. ओलं, मातीने माखलेलं प्लास्टिक भंगारवाला घेत नाही हेही लक्षात ठेवा. बाटल्या आणि काच वेगळी केली, तेवढीच विकत गेली. हे सगळं उचललं नसतं तर कुठे गेलं असतं? रांजणगाव सांडसला भीमेत, तिथून उजनी धरणात, म्हणजे भिगवणला रोहित पाहायला आपण जातो त्याच पाण्यात.

पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, फक्त विणीची जागा नेमकी लिहू नका.

सव्वाअकराला एकतीस पोती टेम्पोत चढली. वरच्या एका बाभळीवर निळी साडी राहून गेली, आमची आकडी पोचत नव्हती. काका जाळं खांद्यावर टाकून निघताना म्हणाले, "पुढच्या टायमाला बांबू आणा. वीस फुटी. मी देतो धरून."