प्रोपिना

‘तुम्ही विद्यापीठाला लाचखोर ठरवले आहे,’ असा एका ओळीचा निरोप आज सकाळी ग्राहकाकडून आला आणि हातातला चहा तसाच निवला.

लिस्बनमधल्या एका विद्यार्थ्याच्या पावतीचे पोर्तुगीजमधून इंग्रजी भाषांतर, हे माझे मोबदल्याचे दुसरेच काम. तिच्यावरचा ‘प्रोपिना’ हा शब्द पोर्तुगालमध्ये विद्यापीठाच्या शुल्कासाठी वापरतात, तर ब्राझीलमध्ये त्याचा अर्थ लाच असा होतो. आणि मी ही भाषा शिकले ती ब्राझिलियन मालिका पाहून. लाचेची पावती कोण देईल, एवढा साधा विचारही माझ्या मनात आला नाही.

दुरुस्त प्रत पाठवली, परंतु पैशांची आठवण करून देण्याचे धाडस झाले नाही. ‘पगार’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजने दिला, हे मात्र मी सर्वांना कौतुकाने सांगत असते.

तुम्ही मागितले असते का?