एक्झिबिट जी आणि नटांचं घड्याळ

अटलांटात एका छोट्या फीचर फिल्मवर सेकंड एडीच्या, म्हणजे दुसऱ्या सहायक दिग्दर्शकाच्या, हाताखाली लागलो आणि नटांच्या वेळा लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. फिल्म सॅग-आफ्ट्रा या अमेरिकी नटसंघटनेच्या करारावर होती. नट मेकअपला कधी आला, सेटवर कधी गेला, कधी जेवला, कपडे उतरवून मोकळा कधी झाला, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. त्याचं नाव ‘एक्झिबिट जी’. दिवसअखेरीस त्यावर नटाची सही, पेनानेच.

वेळ तासाच्या दशांशात लिहितात. सकाळचे ७:४२ म्हणजे ७.७, रात्रीचे ८:२४ म्हणजे २०.४. हे लवकर अंगवळणी पडतं. डोकं खातं ते जेवण.

कॉलपासून, म्हणजे कामावर हजर व्हायच्या वेळेपासून, सहा तासांत जेवण द्यायलाच हवं. नाही तर दर नटामागे दंड: पहिल्या अर्ध्या तासाला २५ डॉलर, दुसऱ्याला ३५, पुढच्या प्रत्येकाला ५०. आता युनिटचा कॉल आठचा, पण नायिका सहालाच मेकअपच्या खुर्चीत. म्हणजे तिचे सहा तास बारालाच भरले, आणि युनिटचा लंच दोनला! यावर तोडगा म्हणजे युनिटच्या कॉलच्या सुमारास पंधरा मिनिटांची न्याहारी. ती वेळ कामाच्या तासांतून कापत नाहीत आणि नायिकेचं जेवण युनिटच्या जेवणाशी जुळतं. अट एकच, त्या पंधरा मिनिटांत तिला पूर्ण मोकळीक हवी. एका हातात बरिटो आणि केसांत कर्लिंग आयर्न, ही न्याहारी नव्हे. म्हणून मी मेकअपच्या ट्रेलरच्या दाराशीच उभा राहायचो, हेअरवाल्यांच्या शिव्या खात.

संध्याकाळी पॅकअप झालं तरी नट सुटत नाही. विग, दाढी, रंग उतरेपर्यंत त्याचा वेळ चालूच. तिथून पुढे साधारण १२ तासांची विश्रांती. २०.४ ला सुटलेल्याला सकाळी ८.४ च्या आधी बोलावलं तर तो फोर्स्ड कॉल, आणि त्याचा दंड: एका दिवसाचा पगार किंवा ९५० डॉलर, जे कमी असेल ते. त्यामुळे ‘२०.० लिही ना’ अशी गोड विनंती ऑफिसातून यायचीच. मी म्हणायचो, सही नटाची आहे, त्यालाच विचारा. कोणी विचारायला गेलं नाही.

जुने नट तर स्वतःची वही ठेवतात. त्यांची नोंद आणि माझी जुळली नाही की आम्ही दोघं मेकअपवालीकडे जायचो. विग कधी उतरला हे तिला नेमकं ठाऊक असायचं.