किराण्यातले दोन हजार नऊशे

१ मार्च

महिना सुरू झाला की आधी कर्जाचं पान उघडावं, किराण्याची यादी त्यानंतर. बहुतेक घरांत हे उलटं चालतं. यादी आधी निघते, सामान येतं, उरलेल्यात हप्ते बसवायची ओढाताण होते आणि वीस तारखेच्या सुमाराला क्रेडिट कार्ड पुन्हा बाहेर येतं.

हिशेबासाठी एक घर धरू. सांगलीतलं, विश्रामबागेकडचं, चार माणसांचं. हातात पगार ३२,०००. कार्डावर २८,००० थकलेले, पतसंस्थेचे ६०,००० बाकी, एक फ्रीज हप्त्यावर घेतलेला आणि किराणा दुकानाच्या वहीत ४,५०० उधारी. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण असं घर शोधायला लांब जावं लागणार नाही.

एका पानावर प्रत्येक कर्जापुढे शिल्लक मुद्दल, वर्षाचा व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख आणि किती हप्ते राहिले, एवढं लिहायचं. पेन अडतं ते व्याजदरापाशी, कारण जो तो आपल्या सोयीच्या भाषेत व्याज सांगतो. बऱ्याच कार्डांवर ‘महिना साडेतीन टक्के’ असतं, म्हणजे वर्षाला ४२. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो, म्हणजे वर्षाला ६०. वस्तूवर कर्ज देणारा ‘फ्लॅट बारा टक्के’ सांगतो तेव्हा तर नीट आकडेमोडच करावी. ५०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले, तर मुद्दल फिटत गेलं तरी व्याज दर वर्षी पूर्ण ५०,००० वरच लागतं. एकूण व्याज १८,००० आणि ३६ हप्ते साधारण १,८८९ चे. हेच घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर दर २१ टक्क्यांच्या वर जातो. सगळे दर वर्षाच्या आणि घटत्या शिलकेच्या मापात आणले की कोणतं कर्ज आधी संपवायचं हे पानच सांगतं.

२ मार्च

कार्डाचं बिल. त्यावर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते आणि तेवढी भरली की या महिन्याचं निभावलं असं वाटतं. इथेच घरं वर्षानुवर्षं अडकतात. २८,००० वर महिन्याचं व्याज ९८०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,१५६. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,४००. मुद्दल कमी झालं ते फक्त २४४ रुपयांनी. महिना १,४०० भरत राहिलं, तर ४४ हप्ते लागतात आणि खिशातून साठ हजारांच्या वर जातात.

त्यात किराण्यातून वाचलेले २,९०० (कसे वाचवायचे ते ७ तारखेच्या नोंदीत) मिळवले, तर हप्ता ४,३०० होतो. आठव्या हप्त्याला कार्ड कोरं होतं आणि एकूण ३३,३०० च्या आसपास भरावे लागतात. फरक सत्तावीस हजारांचा. २,९०० ही रक्कम लहान वाटते, पण ती कुठे भरली जाते यावर तिची ताकद ठरते. हेच पैसे घटत्या शिलकेवर १५ टक्के दर असलेल्या पतसंस्थेच्या कर्जात भरले असते, तर इतका फायदा झाला नसता.

दोन गोष्टी पाळायच्या. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं. म्हणजे कार्डावर आणलेली तूरडाळही ४२ टक्क्यांची. दुसरं, व्याज रोजच्या शिलकेवर मोजतात. पगार एक तारखेला आणि बिलाची शेवटची तारीख अठरा असेल, तर अठराची वाट बघायची नाही.

४ मार्च

दुकानाच्या वहीला व्याज नसतं, म्हणून ती सगळ्यात शेवटी मिटवावी असं आकडेमोड सांगते. मला ते पटत नाही. वही चालू असली की त्याच दुकानात जावं लागतं. भाव विचारायचा संकोच वाटतो, वजन बघितलं जात नाही, मुलं जाता-येता पाकिटं उचलतात आणि ‘वहीत लिहा’ म्हणतात. पैसे हातातून जात नसल्यामुळे खर्च जाणवतच नाही. दोन महिन्यांत ४,५०० मिटवून वही बंद करावी आणि मग रोखीनं गणपती पेठेत जावं. तिथे डाळी, शेंगदाणे, गूळ, साबुदाणा घेताना दोन-तीन दुकानांत भाव विचारता येतो. गल्लीतल्या दुकानदाराशी संबंध तोडायचे नाहीत. अडीनडीला तोच उपयोगी पडतो. ‘अण्णा, यापुढं रोखीनंच नेणार’ एवढं सांगितलं की पुरतं.

७ मार्च

आता किराणा. या घराचा दूध-भाजी धरून महिन्याचा खर्च ११,५००. कात्री लावण्याआधी एक महिना प्रत्येक चिठ्ठी एका डब्यात टाकायची आणि महिनाअखेरीला चिठ्ठ्यांचे चार ढीग करायचे: धान्य-डाळी, दूध-चहा-साखर, तयार पाकिटं, साबण-पावडर. ढीग केले की बऱ्याच घरांत एकच गोष्ट दिसते. आपण डाळीच्या भावाबद्दल बोलत असतो आणि पैसे जात असतात चहाला आणि पाकिटांना.

चहाचंच घ्या. दिवसाला दोन लिटर दूध येतं, त्यातलं अर्धा लिटर मधल्या वेळच्या जादा चहाच्या फेऱ्यांत जातं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा असं ठरवलं, तर महिन्याला १५ लिटर दूध वाचतं. ६० रुपये लिटरनं ९००. शिवाय दोन किलो साखर आणि पाव किलो चहा पावडर. मिळून १,१००. मुलांच्या दुधाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाकावं.

बिस्किटं, फरसाण, नूडल्स, तयार भडंग: १,४०० वरून ५०० वर, म्हणजे ९००. तेल सहा लिटरवरून चारवर, ३००. माणशी महिन्याला पाऊण ते एक लिटर तेल पुरतं. त्याहून जास्त लागत असेल, तर तळण किती वेळा होतंय ते बघावं. भाजी आठवड्यातून दोनदाच, जेवढी शिजणार तेवढीच, ३५०. साबण आणि धुण्याची पावडर यांतून २५०. सगळं मिळून २,९०० होतात.

डाळ, कडधान्यं, शेंगदाणे आणि अंडी यांत कपात करू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ताटातली ताकद कमी केली की तिसऱ्या आठवड्यात घर वैतागतं, एका रात्री बाहेरून जेवण येतं आणि त्यात आठवड्याची बचत जाते. तूरडाळ महाग वाटली तर आमटीत निम्मी मसूर घालावी. हुलगे आपल्याकडे सहज मिळतात. त्यांचं माडगं, शेंगोळे किंवा उसळ झाली की पोट भरतं. मटकी, हुलगे, चवळी आठ तास भिजवून कुकरला लावली, तर गॅसही कमी जळतो.

८ मार्च, रविवार

पाकिटं बंद केली आणि डबा रिकामा ठेवला, तर चार वाजता मुलं दुकानातच जाणार. भडंगाचं गाव आपलं, तेव्हा डबा घरीच भरावा. अर्धा किलो भडंगाचे चुरमुरे, २०० ग्रॅम शेंगदाणे, १०० मिली तेल, एक गड्डा लसूण, मूठभर कढीपत्ता, दोन चमचे कांदा-लसूण चटणी, हळद, मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर. चुरमुरे आधी उन्हात किंवा कोरड्या कढईत कुरकुरीत करून घ्यायचे. तेलात शेंगदाणे, मग ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत, मग कढीपत्ता. गॅस बंद करून एक मिनिटानं हळद आणि चटणी. तेल कडकडीत असताना चटणी पडली तर करपते आणि सगळं भडंग कडवट होतं. लसूण कच्चा राहिला तर दोन दिवसांत चुरमुरे मऊ पडतात. गार झाल्यावरच झाकण लावायचं.

११ मार्च

पाकिटावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरांत दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत असते. तुलना तिची करावी. ‘वीस टक्के जादा’ छापलेलं पाकीट पुष्कळदा या ओळीत महाग निघतं.

तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. आता ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही दिसतात आणि आपण सवयीनं तिला ‘लिटरची पिशवी’ म्हणतो. डब्याचंही तसंच. १५ लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल, तर १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. भाव विचारताना ‘किलोचा की लिटरचा?’ हे विचारायचंच. आणि डबा फोडला की हात सैल सुटतो. डबा घेतलाच तर चार लिटर वेगळ्या कॅनमध्ये काढून त्यावर महिना लिहावा आणि बाकीचा डबा वर ठेवून द्यावा.

१५ मार्च

जत, आटपाडीचा नवा शाळू (रब्बी ज्वारी) बाजारात येऊ लागला की वर्षाचं धान्य भरायची घाई सुरू होते. सुगीत भाव उतरलेला असतो हे खरं. पण पैसे कुठून येणार, ते आधी बघावं. गहू-शाळू मिळून दोन क्विंटल घेतलं आणि क्विंटलमागे साडेतीनशे वाचले, तर बचत ७०० ची. त्यासाठी ८,००० कार्डावर टाकले आणि फेडायला चार महिने लागले, तर व्याज आठशेच्या वर. स्वस्तातलं धान्य महाग पडलं. ऊसबिल किंवा बोनस हातात असेल तर जरूर भरावं. नसेल तर यंदा तीस किलोचं पोतं दोन महिन्यांसाठी रोखीनं घ्यावं. कार्ड संपल्यावर पुढच्या सुगीला पुरं वर्ष भरता येईल.

भरणार असाल तर दोन दिवस कडक ऊन द्या, पण धान्य तापलेलं असताना डब्यात भरू नका. आत वाफ धरते, दमट धान्याला बुरशी लागते आणि सोंडे होतात. रात्रभर गार होऊ द्यावं, मग कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याचे थर देऊन भरावं. पाला ओला असला तर ऊन दिल्याचा उपयोग राहत नाही. गावभागात किंवा नदीकडेच्या वस्तीत राहणाऱ्यांनी कणगी-डबे जूनच्या आत वरच्या मजल्यावर न्यावेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट पाणी ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी घरात शिरल्यावर पोती उचलायला सवड मिळत नाही, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

१९ मार्च

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्थेची वसुलीची धावपळ सुरू होते. हप्ता थकला असेल तर तोंड चुकवण्यापेक्षा स्वतः जाऊन शाखाधिकाऱ्याला भेटावं आणि कोणत्या तारखेला किती भरणार ते लेखी द्यावं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली संस्थेला वसुली दाखला मिळवता येतो आणि त्यात जामीनदारही येतो. आपल्यासाठी सही केलेल्या मेहुण्याला नोटीस जाणं घराला फार लागतं.

जादा पैसे भरताना ‘मुद्दलात जमा करा’ असं स्लिपवर लिहायचं आणि खातेउतारा मागून बघायचा. नाहीतर ती रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते आणि व्याज कमी होत नाही.

सावकाराचं कर्ज असेल तर ते कार्डाच्याही आधी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना लागतो आणि चक्रवाढ व्याज लावता येत नाही. दराला मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारण कर्ज ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, तेही वर्षाला. विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

२३ मार्च

अंदाजपत्रक महिन्याचं असावं, असा सगळीकडे सल्ला. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना तो लागू होत नाही. डेअरीला दूध घालणाऱ्या घराला दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं, तेव्हा त्या घरानं किराणाही दहा दिवसांचाच आणावा आणि प्रत्येक बिलातून हप्त्याचा तिसरा हिस्सा बाजूला काढावा. ऊस आणि द्राक्षांचा पैसा वर्षातून एकदाच येतो. तो आल्याच्या आठवड्यातच सगळ्यात महाग कर्जात मोठी रक्कम भरावी आणि पुढच्या चार-सहा महिन्यांचा किराणा-हप्ता वेगळ्या खात्यात ठेवावा. एकाच खात्यात राहिला तर लग्नसराईत तो आहेरात जातो.

दिवाळी, गणपती आणि आहेर हे खर्च दर वर्षी येणारच असतात. वर्षाचे ९,००० धरले तर महिना ७५०. हे पैसे भिशीत टाकले तरी चालेल, फक्त लिलावाची, म्हणजे बोली लावून रक्कम उचलायची भिशी नको.

३१ मार्च

वाचलेले २,९०० महिनाअखेरपर्यंत खात्यात राहतच नाहीत. म्हणून महिनाअखेरीला उरतील ते भरू, असं म्हणायचं नाही. पगार झाल्याच्या दिवशी ४,३०० कार्डात भरायचे, मग किराण्याच्या ११,५०० पैकी राहिलेल्या ८,६०० चा किराणा-दूध-भाजी. हे पैसे आधी संपले, तर शेवटचे चार दिवस घरात आहे त्यात भागवावं आणि कोणती वस्तू कमी पडली ती पुढच्या यादीत लिहावी. दोन महिने तीच वस्तू कमी पडली, तर तिचं माप चुकलंय. ते वाढवून दुसरीकडून काढावं.

ऑटो-डेबिट असलेल्या हप्त्याचे पैसे आदल्या दिवशीच खात्यात हवेत. हप्ता परत गेला तर बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघीही दंड लावतात.

कार्ड संपलं की ४,३०० तसेच उचलून पतसंस्थेच्या मुद्दलात वळवायचे, घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत. आणि तेही कर्ज संपलं की त्याच दिवशी ना-हरकत दाखला, दिलेले कोरे चेक आणि जामीनदाराच्या सहीचे कागद परत मागायचे. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. महिन्या-दीड महिन्यानं तो काढून खातं ‘बंद’ दिसतंय का, ते बघायचं.